आधी मायनस

आमची मामी बॅटरीच्या कामात पडली ती नाइलाजाने. मामाने जन्मभर बॅटऱ्यांचं दुकान चालवलं, पण मामी कधी त्या दुकानाची पायरी चढली नाही. ॲसिडच्या वासाचा तिला तिटकारा. मामाच्या प्रत्येक पँटची गुडघ्यापाशी चाळण झालेली असायची, आणि ती धुताना मामी जे पुटपुटायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मामा विसरायला लागला. आधी चष्मा, मग नावं, मग रस्ते. मोटरसायकल मात्र काही केल्या विसरेना. एकदा घरातून निघाला तो पार वेशीबाहेरच्या पेट्रोल पंपावर सापडला. पुढच्या खेपेला उलट्या बाजूने थेट ट्रकसमोर. ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक मारला म्हणून वाचला.

त्यानंतर सल्ले देणाऱ्यांना ऊत आला. गाडी विकून टाका, म्हणे. बोलायला काय जातं! गाडी माझ्याकडे आणून ठेवली, तर मामा भर उन्हात अनवाणी तिला शोधत फिरला आणि गाडी चोरीला गेली म्हणून रस्त्यात लहान मुलासारखा रडला. मी मुकाट्याने गाडी परत नेऊन लावली. किल्ली लपवण्यातही अर्थ नव्हता. वायरी जोडून गाडी चालू करणं हा मामाच्या डाव्या हातचा मळ. राहता राहिली बॅटरी. गाडीला किक नव्हती, नुसतं बटण. बॅटरीची वायर सोडवली आणि घरातले पाने लपवले की गाडी जागची हलणार नाही.

मामीने पहिल्यांदा पाना लावला तो नेमका प्लसला. पान्याचं दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला टेकलं, फाडकन ठिणगी उडाली आणि मामी किंचाळून मागे. मग तिने सरळ मामालाच विचारलं. सकाळी काय खाल्लं ते ज्याला सांगता येत नव्हतं, त्याने बैठक मारून शिकवायला घेतलं.

"आधी बोटातली अंगठी काढ. चष्मा घाल. सोडवताना आधी मायनस, मग प्लस. लावताना मायनस शेवटी. चार्जिंगला लावलीस तर खिडकी उघडी ठेव, गॅस निघतो, जवळ काडी ओढायची नाही. आतलं पाणी कमी झालं तर डिस्टिल्डच घाल. आणि ॲसिड ओतायचा शहाणपणा करू नकोस!"

हे कशाला हवंय ते त्याने विचारलं नाही. तासाभराने शिकवल्याचंही त्याच्या लक्षात नव्हतं.

तेव्हापासून मायनसची वायर मामी सुटीच ठेवायची आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळायची. रविवारी मी गेले की ती वायर जोडून द्यायची आणि मी मामाला मागे बसवून फेरी मारून आणायचे. त्या फेरीसाठी बॅटरी जिवंत हवी. म्हणून मामी बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी सोड्याच्या पाण्याने धुवायची, कोरडं पुसून व्हॅसलीन चोळायची, बॅटरी उतरली की चार्जिंगला लावायची. तिच्याही गाऊनला भोकं पडली, पण पुटपुटणं बंद झालं. इतक्या मायेने कुणी कुणाला फसवताना मी तरी पाहिलेलं नाही.

एका रविवारी मी जरा लवकर पोचले. मामी न्हाऊन केस पुसत बाहेर येत होती. अंगणात मामा गाडीची सीट उघडून बॅटरीवर वाकला होता. हातात पाना. कुठून काढला देव जाणे. मी हाक मारणार, तोच मामीने माझं मनगट धरलं.

"ओरडू नकोस," ती कुजबुजली. "दचकला तर पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पडून भडका उडेल."

मामाने सुटी वायर उचलली. टोकावरच्या टेपवरून अंगठा फिरवला. बराच वेळ बघत राहिला. आता टेप सोलणार, वायर जोडणार आणि निघणार, आणि आज कुठला ट्रक समोर येईल कुणास ठाऊक. मामीची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

मामाने वायर जपून होती तशी ठेवली आणि पाना खिशात टाकला.

"काय झालं?" मामीने जवळ जात हळूच विचारलं.

"कुणाचं तरी काम चालू आहे इथे. ज्याने टेप गुंडाळली त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही." मग पुन्हा वाकून बघत म्हणाला, "मायनस सोडवलीय, टोक झाकलंय, व्हॅसलीनसुद्धा बेताने लावलंय. पक्का माणूस आहे."

"बरा आहे ना त्याचा हात?"

"बरा काय म्हणता? असा माणूस मला मिळाला असता तर डोळे मिटून दुकान त्याच्यावर सोपवलं असतं."

मामीने ओल्या टॉवेलने तोंड पुसलं. पुसतच राहिली. मला तर तिच्याकडे बघवेना.

मामा भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसला. तो कारागीर येईपर्यंत थांबायचं त्याने ठरवलं होतं. मामी तिथेच उभी आहे हे पाहून तो अदबीने सरकला आणि शेजारी जागा करून दिली.

"बसा ना, ताई. तुमची पण गाडी त्याच्याकडेच आहे का?"

"हो," मामी म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.