मंगुस्तानाच्या बिया

दिलावर कल्हईवाला येडा हुता, असं भोरात कुनीबी सांगंल. सांगू द्या. तीस वर्सं म्या ह्या गावात टपाल वाटलं, कुनाच्या घरात काय हाय ते मला इचारा.

तरुनपनी हा गडी बोटीवर खलाशी हुता. सिंगापूरच्या अंगाला कुठंतरी त्यानं एक फळ खाल्लं, मंगुस्तान नावाचं, आन तितंच गुतला. पुढं भोरला येऊन भांड्यांना कल्हई लावाया लागला, हसीनाभाबीसंगं निका झाला, केस पिकलं, पन ते फळ काय जिभंवरनं जाईना. भाता ओढता ओढता डोळं अर्धं मिटायचा आन सांगत बसायचा. "वरनं जांभळं, जाड सालीचं. फोडलं की आत लसनीच्या गड्ड्यावानी पांढऱ्या पाकळ्या. तोंडात घातली की इरगळतीच बघ..." बाया म्हनायच्या, "मंग रातांबाच की ओ त्यो!" आन दिलावर भडकायचा. भाबी मातुर हसायची न्हाई. "लई ग्वाड असतं का ओ?" असं रोज इचारायची. त्यानं मनानं घेतलं, मरायच्या आदी हिला ते फळ चारायचं. फळ तर इतक्या लांबनं टिकायचं न्हाई, मंग झाडच लावाया पायजे.

चौतीस साली कुनीतरी त्याला सिलोनच्या एका बियांच्या कंपनीचा कागूद दिला. इंग्रजी तिसरीपत्तुर शिकलेला म्याच, म्हनून आर्डरबी म्याच लिवली. दोन म्हैन्यांनी टपालानं डबा आला. दिलावर तवा कल्हईच्या फेरीला पासलीकडं गेलेला, चार दिस येनार न्हवता. म्या डबा भाबीच्या हातात दिला.

भाबी भोंगवलीच्या शेतकऱ्याची लेक. डबा उघडला तर आत कोळशाच्या ओल्या भुकटीत बिया, एकीला तर मोड आलेला. "या अल्ला, समदं भिजलं की!" म्हनून बिचारी घाबरली. तिनं बिया धुतल्या, मोड नखानं खुडला, सुपात घालून चार दिस उन्हात वाळवल्या, चुलीतली राख चोळली आन फडक्यात पुरचुंडी बांधली. भाताचं बी असंच ठेवत्यात, घेवड्याचं असंच ठेवत्यात. सांगा, तिचं काय चुकलं?

दिलावर आला आन म्हनाला, "ब्येस केलंस." त्याला तरी कुठं ठावं? फुटक्या घागरींत माती भरून त्यानं बिया लावल्या. मंग रोज सांजच्याला दोघं परसात बसायची. भाबी बोटांनी पानी शिंपडायची. दिलावर झाडाची सावली कुठवर येईल ते दाखवायचा, आन अजून नसलेल्या झाडाखाली हातरूनबी टाकून मोकळा व्हायचा. म्याबी जाऊन बसायचो. खोटं कशाला सांगू, तितं बसलं की मलाबी जांभळी फळं दिसायची, आन नीरा नदीवरचं वारं दर्यावानी खारट लागायचं.

तीन म्हैनं झालं तरी माती हलंना. तवा त्यानं माझ्याकडनं कंपनीला कागूद धाडला. जबाब आला तो म्या भट्टीपाशी वाचून दाखवला. ह्या बिया ओलीवरच जगतात, वाळल्या की मेल्या, आल्या दिवशीच लावाव्यात. दिलावरनं कागूद माझ्या हातातनं काढून इस्तवात टाकला.

"गेनबा, कंपनी चोर हाय. मेलेलं बी धाडलं. असं समद्यांना सांगायचं."

"आरं पन भाबीनंच—"

"तिच्या कानावर गेलं तर तुजी-माजी दोस्ती सरली. घे शपत."

घेतली शपत. पन जीव नुसता जळायचा. बाजारात लोक आडवायचं, "काय खलाशी, पिकलं का मंगुस्तान? कंपनीनं बरा उल्लू बनिवला!" आन हा मान खाली घालून म्हनायचा, "फसलो बाबा." समोरच्याच्या मुस्काटात द्यावी वाटायचं मला.

दिवाळी झाल्यावर एक दिस भाबी दुपारची पोष्टाच्या पायरीवर आली. "गेनबाभावजी, आर्डर लिवायची हाय. त्याच बिया, त्याच कंपनीच्या."

म्या चपापलो. "भाबी, ती कंपनी तर चोर हाय म्हनत्यात."

"वाळवलेली फनसाची आठळी कधी रुजलीया का, भावजी?" ती म्हनाली. "त्या दिशी मला सुचलं न्हाई. म्याच मारल्या त्या. ह्यांना ठावं हाय, ह्यांच्या तोंडावर दिसतंय मला. समद्या भोरात येडं ठरल्यात, पन माजं नाव घेतलं न्हाई." तिनं पदर तोंडाला लावला. "लिवा, पारसल ह्यांच्याच हातात द्यावं. आन मला कळलंय ते ह्यांना सांगू नका. तुमाला शपत हाय."

आता आली का पंचाईत! दोगांचीबी शपत माझ्याच डोक्यावर. टाक उचलला, पन डोळ्यांतल्या पान्यानं कागूदच दिसंना. उपरन्यानं डोळं पुसलं आन इचारलं, "किती बिया लिवू?"

ती म्हनाली, पाच. म्या वीस लिवल्या.