रोझलिन अँड कंपनीची गिटार

आम्ही चौघं भेटलो की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो गिटारीचा किस्सा सांग की!" मग विचारावं लागतं, यातला कुठला? कारण किस्से काही एकेकटे येत नाहीत. चादरीचा एक धागा ओढावा आणि निम्मी किनार हातात यावी, तसं होतं.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी दत्ता, कचेरीत क्लार्क. देशपांडे मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की पेटी वाजवायचे. रशीदभाई लेडीज टेलर, हात ढोलकीवर. आणि अंबादास विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि स्टेजवर हिंदी! गाणारा तोच.

बहात्तरचा दुष्काळ सरला, लोक पुन्हा जरा हौसेनं लग्नं करायला लागले, तेव्हा आमचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. त्याला नाव नव्हतं. चौघांनी चार नावं सुचवली आणि कुणीच मागं हटेना. शेवटी बोर्डावर नुसतं 'ऑर्केस्ट्रा' एवढंच रंगवून घेतलं. रशीदभाई म्हणाले, "अच्छा हुआ. बेसुरा बजाये तो नाम खराब होने का सवालच नै!"

*

आमच्याकडं गिटार नव्हती. पण त्या काळात लोकांना गाण्याच्या सुरुवातीला गिटार लागायचीच. त्यावर अंबादासनं इलाज काढला होता. तो माइक ओठांजवळ धरून तोंडानंच गिटार वाजवायचा. "ट्यँव, ट्यँव, ट्यँग!" लांबून ऐकणाऱ्याला अजिबात कळायचं नाही.

एका लग्नात नवऱ्या मुलाचे आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. दोन गाणी झाल्यावर काठी टेकत टेकत स्टेजच्या मागं आले.

"तुमच्यातला गिटारवाला कोण हाय?"

मास्तरांना खोटं बोलायची सवय नाही. त्यांनी गुपचूप अंबादासच्या तोंडाकडं बोट केलं.

आजोबा त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले. अंबादास नेमका पान चघळत होता. मग ते अगदी मायेनं म्हणाले, "लेकरा, पान नगं खात जाऊ. तारा रंगतील की!"

आम्ही पोट धरधरून हसलो. पण सायकलवरून घरी जाताना मला हसू येईना. माणूस किती दिवस तोंडानं गिटार वाजवणार? मी ठरवलं, गिटार घ्यायचीच.

*

नवी गिटार घ्यायची ऐपत नव्हती. आणि जुनी सोलापुरात मिळणार कुठं? मी जो भेटेल त्याला विचारत सुटलो. एक दिवस रशीदभाई शिवलेला झगा पोचवायला रेल्वे लाइन्स वस्तीकडं गेले होते, ते धापा टाकत कचेरीतच आले.

"दत्ता, मिल गई! कपाट के ऊपर, चद्दर में लपेट के रक्खी है!"

ते घर रोझलिन आंटींचं. त्यांचे यजमान अँथनी मिस्त्री रेल्वेत डब्यांचं लाकूडकाम करायचे. ड्यूटी संपली की घराच्या व्हरांड्यात गिटारी बनवायचे. सगळ्या मिळून अकरा बनवल्या. पुढं नजर अधू झाली आणि काम थांबलं. मग ते स्वतःच गेले.

आंटींनी गिटार खाली काढली. मी भोकातून आत बघितलं. आत छापील चिठ्ठी चिकटवलेली, 'रोझलिन अँड कंपनी, सोलापूर.'

मी जरा दबूनच विचारलं, "आंटी, कंपनीत कोण कोण होतं?"

"दोन कोंबड्या," आंटी म्हणाल्या. "तो रंधा मारायला बसला की त्या लाकडाच्या सालपटांत येऊन बसायच्या. अँथनी म्हणायचा, मालकीण तू, आणि ह्या दोघी पार्टनर!"

*

गिटार विकायची म्हटल्यावर आंटींनी ती परत जवळ ओढली. दहा गिटारी गिऱ्हाइकांना गेल्या होत्या. ही अकरावी नव्हे, पहिली. मिस्त्रींनी स्वतःसाठी ठेवलेली. ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन आधी हीच हातात घ्यायचे.

"हात दाखव," त्या मला म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढं केले. शाळेत स्वच्छता तपासायचे तसे.

"डाव्या हाताची नखं काप आणि उद्या ये."

दुसऱ्या दिवशी नखं कापून गेलो. तर म्हणाल्या, "आठ दिवस हितंच येऊन वाजव. मग बघू."

मला कुठं वाजवता येत होतं! एका जुन्या पुस्तकातल्या चित्रांवरून बोटं ठेवायची, एवढंच. मी व्हरांड्यात बसून ट्याँव ट्याँव करायचो आणि आतून भाकरी थापता थापता आंटींचा आवाज यायचा, "चूक!" थोड्या वेळानं पुन्हा, "चूक!" पाचव्या दिवशी बोटांची टोकं सोलली, तर त्यांनी खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवली.

आठव्या दिवशी मी वाजवत होतो आणि आतून आवाजच येईना. मला वाटलं, कंटाळून बाहेर गेल्या असतील. वळून बघतो तर आंटी दारात उभ्या. हातात तशीच पिठाची परात.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "घर लई दिवसांनी बोललं."

आता भाव करायचा होता. त्यासाठी मी मुद्दाम रशीदभाईंना बोलावलं होतं. अख्ख्या बाजारात त्यांच्यासारखा घासाघीस करणारा नाही. आंटींनी आकडा सांगितला. रशीदभाईंनी गिटारीवरून हात फिरवला, आंटींकडं बघितलं आणि खाकरून म्हणाले, "नै, नै, नै! इतने में नै होता. थोडा बढ़ाके बोलो!"

*

घरी गिटार आणली तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते. आमचे वडील मिलमधून रिटायर झालेले. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेला. त्यामुळं बोलायचे मोठ्यानं आणि थोडं.

"ही काय बला?"

"गिटार हाय, अप्पा."

"नोकरी सोडणार हायस का?"

"न्हाय."

"मग ठीक हाय."

एवढंच. नंतर दोन महिने त्यांनी तिचं नावही घेतलं नाही. बोलायचं झालं तर 'ती बाई' म्हणायचे. "तुझी ती बाई खाटंवरनं उचल, मला पडायचंय."

पण एक दिवस मी कचेरीतून आलो, तर गिटार कोपऱ्यात अप्पांच्या चादरीत गुंडाळून ठेवलेली. चांगली जाड, गुलाबी काठाची चादर. रिटायर होताना सोबतच्यांनी दिलेली आणि अप्पांनी कधी कुणाला हात लावू न दिलेली!

"अप्पा, ही चादर तर तुमची..."

"आंबादासनं सांगितलं, हवा बदलली की लाकूड तडकतंय म्हणून." अप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "मी कुटं तडकतोय?"

*

श्रीपूरकडं एका साखर कारखान्यावर हंगाम संपल्याचा कार्यक्रम होता. एसटीनं निघालो. कंडक्टरनं चादरीत गुंडाळलेल्या गिटारीकडं बघितलं. मी ती मांडीवर उभी धरली होती.

"किती वर्साचं?"

मी म्हटलं, "वीस असतील."

"मग फुल तिकीट!"

चादर उघडून दाखवली तेव्हा कुठं सुटका झाली. पुढं टेंभुर्णीपर्यंत तो वळून वळून हसत होता.

कारखान्यावर ऊसतोडणीचे लोक मांडवाच्या कडेला बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गाड्या गावाकडं निघणार होत्या. एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल. तापानं किरकिरत होतं. मी तारा जुळवायला लागलो आणि ते गप्प झालं. जुळवून थांबलो, की पुन्हा रडायला सुरुवात! ती बाई तिथूनच ओरडली, "आवं दादा, थांबू नगा! दोन दिसात आत्ता डोळा लागतुया त्याचा!"

नेमकं तेव्हाच चेअरमन भाषणाला उभे राहिले. मी गिटार खाली ठेवली. लगेच मूल रडलं. चेअरमननी माइकवरूनच विचारलं, "काय झालं?" मास्तरांनी जाऊन कानात सांगितलं.

चेअरमन माझ्याकडं वळले. "वाजवा, वाजवा. हळू वाजवा." आणि माइक सोडून खाली बसता बसता म्हणाले, "माझं भाषण काय, दरवर्षी तेच असतंय!"

*

आता शेवटचा.

त्या साली मे महिन्यात सोलापूर असं तापलं, की अप्पांच्या चादरीचाही इलाज चालेना. एका दुपारी गिटारीच्या पाठीची फळी एका बाजूनं सुटली. फळ्या चिकटवणारा सरस वाळून पार भुगा झाला होता. मी गिटार घेऊन अंबादासकडं पळालो, तेव्हा माझा चेहरा बघून त्याच्या आईनं विचारलं, "घरात कोण आजारी आहे?"

अंबादासचे मामा नरसय्या हातमाग दुरुस्त करायचे. शहराच्या पूर्व भागात त्यांचं छोटं दुकान. मास्तर आणि रशीदभाईंनाही बोलावून आम्ही तिथं गेलो. त्यांनी जन्मात गिटार बघितली नव्हती. कान लावून टिचकी मारली, वास घेतला आणि म्हणाले, "मिस्त्री चांगला होता. हे पाठ पूर्ण काढून परत बसवायला लागते. भिऊ नको."

त्यांनी सुरी गरम केली आणि अगदी हळू फळी सोडवली. फळी हातात आली. नरसय्यांनी ती उलटी केली आणि म्हणाले, "ह्याच्यात काय तर लिवलंय."

भोकातून कधी दिसणार नाही अशा खालच्या टोकाला, पेन्सिलनं, इंग्रजी अक्षरांत मराठी. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं, "आज पाऊस. सरस वाळेना. रोझी रागावली आहे."

मास्तरांनी फळी खाली ठेवली. मग रशीदभाई म्हणाले, "ये अपने पढ़ने का नै है. जिसका है उसकू दिखाना."

ते स्वतः टांगा घेऊन गेले आणि आंटींना घेऊन आले. आंटींनी येताना चांगली साडी नेसली होती, दवाखान्यात कुणाला भेटायला जावं तशी. दुकानात एकच स्टूल होतं. नरसय्यांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसून दिलं आणि फळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

आंटींनी वाचलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"खोटं!" त्या एकदम म्हणाल्या. "रागावले नव्हते मी!"

आम्ही चौघं आपले खाली बघत उभे, जणू आम्हीच लिहिलंय.

"नवीन लग्न झालेलं. सगळा दिवस दारात बसले होते, हा काहीतरी बोलेल म्हणून. एक शब्द बोलला नाही. मी म्हणायची, ह्याच्या मनात काय आहे कोण जाणे!" त्यांनी फळीवरून तळहात फिरवला. "आणि हा हितं सांगून बसलाय. लाकडाला!"

बाहेर माग चालू होते, खटक् खटक् खटक्. मग म्हणाल्या, "पेन्सिल आहे का?"

नरसय्यांनी कानावरची जाड पेन्सिल काढून दिली. आंटी आमच्याकडं पाठ करून बसल्या आणि त्या ओळीच्या खाली लिहायला लागल्या. लिहितच राहिल्या. मध्ये टोक मोडलं. नरसय्यांनी पटाशीनं टोक करून दिलं. त्या परत लिहायला लागल्या.

झालं तेव्हा त्यांनी फळी पालथी करून छातीशी धरली.

"आता बसव," त्या नरसय्यांना म्हणाल्या. "पक्कं बसव. पुन्हा उघडायला नको."

सरस लावून, दोरीनं आवळून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. आम्हाला बाहेर उभं केलं होतं. नंतर रशीदभाई त्यांना सोडायला गेले आणि आम्ही तिघांनी नरसय्यांना घेरलं.

"मामा, काय लिहिलं हो त्यांनी?"

"मला तेलुगू सोडून काय वाचता येते?" नरसय्या पटाशी पुसत म्हणाले.

"तरी पण! काही तरी दिसलं असेल की!"

नरसय्यांनी आवळलेल्या गिटारीकडं बघितलं.

"मिस्त्रीनी एक ओळ लिवला," ते म्हणाले. "बाईनी फळी संपेपर्यंत लिवली."