ह्याच्यासंगती कोण चालतो?

“निवाडा झाला ना? मग आता ह्याच्यासंगती कोण चालतो?”

हे विचारताना मास्तर उजव्या हाताने आपल्या शेजारची हवा हलकेच बाजूला सारीत, जणू कुणासाठी तरी जागा करीत. प्रभुभोजनाला प्रथम बसण्याआधी ख्रिस्ती मंडळीतल्या मुलामुलींचे दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, होते. त्यासाठीचा रविवारचा वर्ग रोह्यात ते घेत. एरवी ते धाटावच्या कंपनीत बॉयलरवर असत. शिफ्ट सुटली की थेट वर्गात येत. सदऱ्याला साबणाचा आणि कसल्याशा तिखट रसायनाचा वास. त्यांच्या पवित्र शास्त्राच्या पानांनाही तोच. अजूनही तो वास आला की मला चौदावे वर्ष लागते.

ज्यांच्या वर्गाचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. आमचा वर्ग म्हणजे न्यायालयच. दर रविवारी शास्त्रातला कुणीतरी आरोपी. कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राच्या खटल्यात तर खिडकीत बसून एकाने कोंबड्यासारखी बांग दिली आणि आम्ही बाके बडवली. “तीनदा नाय म्हणाला! हाकला त्याला!” त्या वयातल्या मुलांइतके कठोर न्यायाधीश दुसरे नसतील. मास्तर खूश होऊन टाळी देत. “झकास! शिक्षा ठरली.” आणि मग तो प्रश्न. आमचे चढलेले आवाज एकदम खाली येत. कुंडलिका नदीवरून येणारा वारा तेवढा पाने उलटत राही.

पेत्र झाली होती माझी मैत्रीण मार्था. नकला करण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते, आणि तेच तिला भोवले.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आमचे दृढीकरण व्हायचे होते. त्याआधीच्या उपवासकाळातल्या सभांसाठी देवळावर कर्णा बसवलेला. गायनाचा सराव संपल्यावर मार्थाने पंचकाकांची प्रार्थना करून दाखवली. मंडळीचे हे वयोवृद्ध पंच बोलताना अडखळत. “प… प… प्रभू!” आम्ही हसून लोळलो. माईक चालू आहे, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. पुलापलीकडे अष्टमी गावच्या बाजारात स्वतः पंचकाका चहा पीत होते. सगळा बाजार हसला.

पुढच्या रविवारी पाळकांनी त्यांना प्रार्थनेला बोलावले. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते बसूनच राहिले.

पंचांची सभा भरली. “हिचं दृढीकरण नाय,” एकाने सांगून टाकले.

“नाव खोडून ती काय शिकणार?” मास्तर म्हणाले. “दार कुठं हाय, तेवढंच.”

दाराशी मार्थासोबत उभ्या असलेल्या आम्ही मैत्रिणी आनंदाने पुढे सरसावलो. “मास्तर, गंमतच होती ती! सोडून द्या ना!”

ते आमच्याकडे वळले. तसा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता. “आणि तुम्ही गो? म्हाताऱ्याचा आवाज गेलाय. कायच झालं नाय म्हणायचं, ह्याला कृपा नाय म्हणत, आळस म्हणतात.” मग मार्थाला म्हणाले, “त्यांच्या घरी जायचं. तोंडावर सांगायचं.”

“नाय जमायचं, मास्तर. दुसरी कायपण शिक्षा द्या.”

“शिक्षा हीच.” त्यांनी सायकल स्टँडवरून काढली, पण तिच्यावर बसले नाहीत. “चल. मी हाय.”

पुलावर संध्याकाळचे ऊन सांडले होते. खाली ओहोटीच्या चिखलाला खारट वास. मार्थाचे पाय मंदावले की मास्तरांचेही मंदावत. ती थांबली की सायकलच्या चाकाची टकटकही थांबे. आम्ही चौघी मागून येत होतो, जणू निकाल आमचाच लागायचा होता.

पंचकाका ओटीवर होते. मार्था पुढे झाली. “काका, मी… म… मी…” पुढचा शब्द येईना. सगळ्या वर्गात वाऱ्यासारखी बोलणारी ती मुलगी एका ‘चुकले’पाशी अडून उभी, घामाघूम. मास्तर शेजारीच होते. पण त्यांनी तो शब्द तिच्यासाठी उच्चारला नाही.

“चुकले,” ती अखेर म्हणाली.

पंचकाकांनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या. “तुझं प… पण अडलं की गो! ब… बघितलंस? सोपं नाय!” आणि ते असे खदखदून हसले की आतून काकू धावत आल्या.

झावळ्यांच्या रविवारी हिरव्या झावळ्यांनी देऊळ सळसळत होते. पांढऱ्या ओढणीत मार्था गुडघे टेकून बसली. पाळकांनी प्रार्थनेला बोलावले आणि पंचकाका उभे राहिले. “प… प… प…” कुणी हसले नाही, कुणी शब्द पुरवला नाही. सगळी मंडळी श्वास रोखून त्या एका अक्षराच्या काठावर उभी होती. “प्रभू!” आले आणि आमच्या झावळ्या आपोआप वर उठल्या. मास्तर मागच्या बाकावर होते, टाळी द्यायला उचललेला हात तसाच हवेत.

मास्तर आता नाहीत. त्यांना पुलावरूनच नेले, आणि मार्था शवपेटीच्या बाजूने चालत होती. खांदेकरी दम घ्यायला थांबले की ती थांबे. ते निघाले की निघे. तिचा उजवा हात लाकडावर होता.