यादीत नाव

इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशीच्या घरी एक पाकीट आलं. नागरिकत्व नसलेल्या, पण कायम इथंच राहणाऱ्यांनाही वॉर्डाच्या निवडणुकीत मत देता येणार होतं. सोबत अर्ज होता.

"आत्ताच बरा एवढा पुळका आला!" मावशी म्हणाली.

"अगं आई, हक्क आहे तुझा," लेक म्हणाली. ती इथंच जन्मलेली, इथली नागरिक.

"काकूला विसरलीस? 'फक्त एक सही करा' म्हणाले आणि महिन्याभरात विमानात बसवलं."

जावेला असं परत पाठवल्यापासून मावशी ताकही फुंकून पीत होती. पण इस्पितळासमोरचा बसथांबा हलवायचा पालिकेनं घाट घातला होता, आणि तिच्या गुडघ्यांना दुसरा थांबा लांब होता. जेवणाच्या सुट्टीत ती वॉर्ड ऑफिसात गेली.

"ही यादी पोलिसांकडे जाते?"

"जाऊ नये," कारकून बाई म्हणाल्या.

"जाऊ नये, की जात नाही?"

बाईंनी चष्मा काढला. "खरं सांगू? इथून पुढचं मला माहीत नाही."

जावेला सगळ्यांनी 'काही होणार नाही' असं छातीठोक सांगितलं होतं. 'माहीत नाही' म्हणणारं माणूस मावशीला पहिल्यांदाच भेटलं. तिनं सही केली. पण प्रत घेतली, शिक्का मारून घेतला, मागे बाईंचं नावही लिहून घेतलं.

मतदानाला रांगेत वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर मागेच उभे होते.

"तुम्ही इथे कशा?"

"मत द्यायला."

"उद्या तुमच्या देशाशी वाजलं, तर तुम्ही कोणाच्या बाजूनं?"

"मास्तर, आज बसथांब्याचं बोलू या."

कुणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. यादीत तिचं नाव सापडेपर्यंत ते मान उंचावून पाहत राहिले. नाव सापडलं, तेव्हा मावशीनंच पिशवीतली शिक्क्याची प्रत चाचपून पाहिली.

पुढे दोन महिने बेल वाजली की ती आधी दाराच्या भिंगातून बघायची. कुणी आलं नाही. थांबा मात्र हलला. तिनं मत दिलेला उमेदवार पडला होता.

मग सोमवारी ती नव्या नगरसेवकासमोर जाऊन बसली. "थांबा नेलात, निदान वाटेत एक बाकडं तरी टाका."

"मला मत दिलं होतंत?"

"नाही. पण मत दिलंय."

बाकडं अजून आलेलं नाही. मावशी दर सोमवारी जाते. हल्ली बाकड्यासाठी मास्तरही येतात. बसतात मात्र एक खुर्ची सोडून.