राखकाकूंचा वेल

राखकाकू रोज सकाळी आमच्या आळीतल्या सात घरांची राख मागत फिरत. काठ फुटलेला एक माठ काथ्याच्या दोरीने हाताला अडकवलेला असे. मागच्या दाराशी उभ्या राहून त्या फक्त "आणा" म्हणत. मी सून म्हणून ठाण्याला नवी आले होते तेव्हाची गोष्ट. एकदा मी चुलीतली राख कुंपणापलीकडे उधळून मोकळी झाले होते. काकूंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी घरातले चांदीचे ताटच विहिरीत टाकले होते. "उधळलीस? मग भांडी आता कशाने घासशील, माझ्या कपाळाने?" त्यांचे खरे नाव मला पुढे कळले, पण आळीने ठेवलेलेच नाव तोंडात बसले ते बसले.

काकू विधवा होत्या. यजमान मिठागरावर कारकून होते, ते गेल्यावर आळीच्या टोकाची एक खोली आणि तिच्यामागचा जमिनीचा तुकडा एवढेच काकूंजवळ उरले. त्या तुकड्यावर त्यांचे पोट होते. दुधी, लाल भोपळा, अळू, घेवडा, काय मागाल ते तिथे होई. ही भाजी त्या सातही घरांना देत आणि बदल्यात मूठमूठ तांदूळ घेत. वाण्याच्या दुकानाची पायरी त्या महिन्यातून एकदाच चढत, तीही गूळ-तेलासाठी. काही दिल्याशिवाय घ्यायचे नाही, हा त्यांचा हट्ट. आमच्या घरी वालाच्या बिरड्याची सोललेली सालेसुद्धा त्या फुकट नेत नसत, चार पाने अळूची ठेवून जात.

सातही घरांच्या मोऱ्यांचे पाणी त्यांनी एका चरातून आपल्या वेलांकडे वळवले होते. तो चर त्यांनी स्वतः कुदळीने खणला होता आणि त्या तो रोज हाताने साफ करत. तांदळाचे धुवण, मासळीचे पाणी, भांड्यांचे पाणी, सगळे तिकडे जाई. म्हणून चैत्रात तलावाकडची झाडे करपलेली असत तेव्हा काकूंचा भोपळा हिरवागार पसरलेला असे. खाडीवरून मासळी घेऊन येणारी कोळीण त्यांच्या दाराशी पाटी उतरवी आणि म्हणे, "काकू, मना पैशे नको, तुमचा भोपला द्या." तेवढ्यात काकूंची दोन दिवसांची कालवणाची सोय होई.

भोपळा कसा खावा हे मी त्यांच्याकडून शिकले. गराची भाजी, सालीची चटणी, आतल्या जाळीची थालीपिठे, बिया वाळवून उपासाला. तूर आणि वाल त्या राखेत घोळून मडक्यात भरत, वर्षभर किडा लागत नसे. मी एकदा म्हटले, "काकू, एवढा जीव कशाला काढता? दोन पैशांची वस्तू." त्या म्हणाल्या, "दोन पैशांची तुला. ती उगवायला चार महिने लागतात, ते कोण मोजतं?" आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, बाहेर ओट्यावर बसून त्यांना 'उकिरड्याची राणी' म्हणत आणि आत येऊन त्यांच्याच भोपळ्याचे घारगे पाच-सहा खात. तेव्हा मी हसत असे. आज आठवले की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मामंजी कचेरीत बऱ्या हुद्द्यावर होते. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आले की कचेरीतल्या मोठ्या साहेबांना घरी पानसुपारीला बोलवावे. झाले, घरात दुसरा विषय नाही. आळीतली मंडळी रोज ओट्यावर जमू लागली. साहेबांची बग्गी आळीच्या तोंडाशी थांबणार, तिथून ते चालत येणार, आणि वाटेत डाव्या हाताला काय, तर काकूंचा खतखड्डा, शेणामातीचा चर आणि कुंपणावर पसरलेला वेल. "साहेब काय म्हणतील?" हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकले की साहेब दुसरे काही म्हणतच नसतील असे मला वाटू लागले. ज्यांच्या ताटात रोज त्या वेलाची भाजी पडे तेच हे विचारत होते.

मग एका दुपारी माझे यजमान मला म्हणाले, "तू दोन दिवस कल्याणला जाऊन ये. तुझ्या आईंचे सांडगे व्हायचे आहेत ना? काकूंनाही ने. त्यांचा हात चांगला आहे." एरवी माहेरचे नाव काढले की यांच्या कपाळाला आठ्या पडत. मी काय ते ओळखले. आणि मी विचारले नाही. माहेरी जायला मिळते आहे, कशाला उगाच तोंड घाला, एवढाच विचार मी केला. बावीस वर्षांची होते, हे काही कारण नव्हे.

काकू निघताना शेजारणीला बजावून आल्या, "मधल्या दोन भोपळ्यांना हात लावू नका गं. बियाण्याला राखलेत." आगगाडीत त्या खिडकीशी बसून मुंब्र्याचा डोंगर पाहत राहिल्या. कल्याणला माझ्या आईने त्यांना पाट दिला, गरम वाढले, रात्री आपल्या शेजारी अंथरूण घातले. काकूंनी कोहळे किसले, सांडगे घातले, सालींचे काय करायचे ते आईला दोनदा सांगितले. मी त्यांना एवढे बोलताना आणि एवढे हसताना कधी पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. आळीच्या तोंडाशीच पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. चैत्राचे कडक ऊन, आणि आळीत चिखल. काकू थांबल्या. म्हणाल्या, "माझं पाणी इथं कसं आलं?"

शहाण्यांनी खड्डा बुजवला होता, चर बुजवला होता, वेल मुळासकट उपटून कुंपणापाशी टाकला होता. सात घरांच्या मोऱ्यांचे पाणी आता जाणार कुठे, हे त्या शिकल्यासवरल्या डोक्यांपैकी एकातही आले नाही. आमच्या आळीत कधी नव्हे तो चिखल झाला तो या स्वच्छतेपायी. साहेब आदल्या संध्याकाळी येऊन गेले होते. त्यांना फळ्यांवरून, मामंजींचा हात धरून, ओट्यापर्यंत आणावे लागले. ते घटकाभर बसले, विडा घेतला आणि गेले. डाव्या हाताला त्यांनी मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. पाहतील कसे, सगळे लक्ष पाय घसरू नये याकडे.

काकू ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या, शिव्याशाप दिले असते, तर मला बरे वाटले असते. त्या उपटलेल्या वेलाशी फतकल मारून बसल्या आणि निवडू लागल्या. कोवळी पाने एका बाजूला, देठ गाईला, लहान भोपळे पदरात. बियाण्याचे दोन भोपळे कुणाच्या तरी कुदळीने फुटले होते. त्यातले बी अजून भरले नव्हते, दाबले की पाणी निघत होते. ते त्यांनी बोटाने दाबून पाहिले आणि बाजूला ठेवले. मग प्रत्येक घरी जाऊन पाने आणि भोपळे वाटले. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "आजच कर. उद्या वातड होतील."

मी ती भाजी केली. मामंजी दोनदा मागून जेवले आणि म्हणाले, "आज भाजी फक्कड झाली आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली पळी मी चुलीपुढे आपटली. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गं?" मी म्हटले, "हात भाजला." एवढेच धैर्य माझ्याजवळ होते. दुसऱ्या दिवशी मंडळींनी मजूर लावून पाण्याला दुसरी वाट काढून दिली, खाडीकडे. वेलाचा विषय कुणी काढला नाही.

पाणी तुटले तसा काकूंचा अळू-घेवडाही वाळला. त्यांच्याजवळ आता द्यायला काही नव्हते, म्हणून त्यांनी तांदूळ घेणे बंद केले. मी दोनदा वाटी भरून पाठवली, ती दोनदा तशीच परत आली. महिनाभरात बाळकुमच्या दूरच्या भाच्याकडे जायचे ठरले. निघण्याच्या दिवशी मी मागच्या दाराने त्यांच्याकडे गेले आणि सगळे सांगून टाकले. मला ठाऊक होते, मी मुद्दाम तुम्हाला नेले, मी तोंड उघडले नाही.

काकू बोचके बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, काही तरी आहे हे मला तेव्हाच कळलं. तुमच्या घरातून मला कोण कशाला पाहुणी म्हणून नेईल? पण हे गेल्यापासून बारा वर्षांत कुणी 'चला' म्हटलं नव्हतं. वाटलं, होईल ते होवो, जाऊन यावं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या उठल्या. "तुझ्या आईनं फार छान केलं हो माझं."

पुढे दीड वर्षात त्या तिकडेच वारल्या. मामंजीही गेले, हेही गेले, त्यांच्यावर रागवायलाही आता कुणी उरले नाही. माझा राग काही गेला नाही. पण खरे सांगायचे तर तो आता काकूंवरही निघतो. साल, कोंडा, राख, यांत भागवणारी बाई, ठीक आहे. पण माणसांच्या मायेतही तिने तसेच भागवावे? फसवून नेलेले दोन दिवस, त्यातही हिला आनंद सापडावा आणि वर तिने आभार मानावेत? इतकी थोडकी माया कुणी आनंदाने घेते का? आणि ती तेवढ्यावर भागवते आहे हे रोज डोळ्यांनी पाहून, आम्ही सात घरांतल्या बायकांनी बारा वर्षे तिला फक्त राखच दिली.