ही कुंडी बदलायची का?

रिकाम्या कुंड्या आणि किस्से, दोन्ही ठेवायचे कुठं म्हणता म्हणता साठत जातात. नाशिक रोडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आता पाय ठेवायला जागा नाही, तरी आम्हा तिघांना चैन नाही. तिघं म्हणजे मी, वरच्या मजल्यावरच्या नफीसाभाभी आणि सातपूरला कारखान्यात मशीनवर असणारे जाधव. जाधवांना प्रत्येक कुंडी लहान वाटते, भाभींना उथळ, आणि मला जिथं ठेवलीय तिथं नकोच वाटते! चहा अर्धा टाकून मी एखादी सरकवून येते. आमचे हे विचारतात, "कुंड्या तू पाळल्यास की कुंड्यांनी तुला?"

*

एकदा मी हौसेनं चिनी मातीची निळी कुंडी आणली. इतकी देखणी, की खाली भोक आहे का ते बघायचंच राहिलं. मोगरा लावला, पाणी आत साठलं, मुळं सडायला लागली.

जाधव म्हणाले, "त्यात काय ताई, ड्रिल आहे ना!" शिफ्ट संपवून थेट गच्चीवर आले. मी मोगरा काढून ठेवला, कुंडी उपडी केली. "हळू हं जाधव, हळू!"

"अहो, रोज लोखंडाला भोकं पाडतो मी!"

घर्र... टक्!

आम्ही वाकून बघत राहिलो.

"भोक पडलं ताई," जाधव म्हणाले. "फक्त भोकाभोवती कुंडी राहिली नाही."

*

मग जाधवांनी तेलाचे पत्र्याचे डबे आणले. फॅन्सी दिसावेत म्हणून बाहेरून काळा रंग मारला आणि ऐन उन्हाळ्यात त्यात टोमॅटो लावले. दुपार झाली की रोपं माना टाकायची. जाधव सुट्टीच्या दिवशी सारखे वरखाली, सारखं पाणी!

शेवटी नफीसाभाभींनी मातीत बोट घातलं आणि झटकन काढून फुंकर मारली.

"भाऊ, टोमॅटो लावलेत की टोमॅटोचं सार चढवलंय?"

*

माझ्या कढीपत्त्यासाठी मोठा ड्रम ठरला. मातीची पोती पार्किंगमध्ये होती, म्हणून मी शहाणीनं ड्रम खालीच भरला, झाडही लावलं. मग तो हलेना. ढकलत ढकलत कसाबसा लिफ्टमध्ये घातला. लिफ्ट कण्हली, जरा वर गेली आणि दोन मजल्यांच्या मध्येच बसली. आत मी आणि कढीपत्ता!

नफीसाभाभी बाहेरून ओरडल्या, "ताई, घाबरू नका! पंखा चालू आहे ना?"

"आहे!"

"जोरात आहे?"

"हो!"

"मग कढीपत्त्याला जरा पदराचा आडोसा करा!"

*

पुढचा सांगताना मला अजून हसू येत नाही.

ऊन चांगलं मिळतं म्हणून झेंडूच्या कुंड्या मी कठड्यावर मांडल्या होत्या. मे महिन्यातली संध्याकाळ, वारा सुटला. घरात माझा जीव लागेना. हे म्हणाले, "बस गं जरा." मी जिना चढून पळाले. हात पोचायच्या आत एक कुंडी गेली.

खाली जाधववहिनी स्कूटरवर बसणारच होत्या. पिशवी विसरली म्हणून दोन पावलं मागं फिरल्या, आणि कुंडी सीटवर फुटली.

त्या वर आल्या. मला वाटलं, आता बोलतील. पण त्या कठड्यावरची एकेक कुंडी उतरवून खाली ठेवू लागल्या. मीही ठेवू लागले. सगळ्या झाल्यावर म्हणाल्या, "झेंडूला ऊन थोडं कमी मिळू दे."

*

आणि हा नफीसाभाभींचा.

त्यांचं माहेर येवला. त्यांनी इथं घर घेतलं तेव्हा त्यांचे अब्बा येवल्याहून एक छोटा रांजण घेऊन आले होते, एसटीत सगळी वाट मांडीवर धरून. पुढं अब्बा गेले. रांजण पाझरायला लागला, तेव्हा भाभींनी त्यात लिंबू लावलं. लिंबू छान वाढलं आणि मग एकाएकी पिवळं पडून पानं गाळायला लागलं. आत मुळांना जागाच उरली नव्हती. रांजणाचं पोट मोठं, गळा लहान. झाड बाहेर निघणार कसं? एक तर लिंबू वाचणार, नाही तर रांजण.

भाभी हातोडी घेऊन वर जायच्या, तशाच खाली यायच्या. जेवताना उठायच्या. जाधव म्हणाले, "मी मारू का?" तर अंगावर धावून गेल्या, "हात लावू नका!"

तेवढ्यात येवल्याहून त्यांच्या अम्मी आल्या. गच्चीवर जाऊन त्यांनी लिंबाचं पान चुरगळून हुंगलं.

"लय गुदमरलंय गं हे."

"अम्मी, अब्बांचा रांजण आहे तो."

"मला सांगती? बाजारात मीच पसंत केलेला."

त्यांनी भाभींच्या हातातून हातोडी घेतली आणि एकच घाव घातला. खापऱ्या गळून पडल्या. माती मात्र पडली नाही. मुळांनी ती घट्ट धरून ठेवली होती. तोच अरुंद गळा, तेच गोल पोट, गळ्याची कडासुद्धा तशीच.

अम्मींनी त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि लेकीकडं बघितलं.

"फुटला कुठं?"