खाणसाहेबांची कंबर

मास्तरांचा माणसांच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास मापाच्या टेपवर. माणूस तोंडाने वाट्टेल ते सांगतो, कंबर खरं तेच सांगते, असं ते म्हणत. सगळा जन्म गिऱ्हाइकांच्या कमरेला टेप लावण्यात गेल्यामुळे त्यांनी त्यातून एक शास्त्रच उभं केलं होतं. कंबर वाढली की धंदा बरा चाललाय. कंबर उतरली की माणूस आतून पोखरला गेलाय. थिएटरवाल्याची कंबर आधी उतरली आणि मग थिएटरला कुलूप लागलं. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाचंही तसंच झालं. कंबर उतरूनही ज्यांचे धंदे ठणठणीत राहिले, अशीही माणसं असतीलच. ती मास्तर लक्षात ठेवत नसत. त्यामुळे शास्त्राला कधी बाधा आली नाही.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे काउंटर आणि कापडं बेतायचं टेबल, मध्ये पडदा, पडद्यामागे संसार. मास्तर बेतायचे, शिवायचे. मास्तरीणबाई काजं करायच्या, बटणं लावायच्या, तुरपाई करायच्या आणि आल्यागेल्याशी बोलायच्या. जागा भाड्याची होती. मालक भला माणूस होता, पण त्याचा मुलगा परदेशी होता आणि तो बापाला कायमचं बोलावत होता. "जाताना ही जागा विकणार," मालकाने सांगून ठेवलं होतं. "पहिला हक्क तुमचा. पण मास्तर, पैसे मला एकरकमी लागतील." दोघांनी साठवलेलं सगळं एकत्र केलं तरी रक्कम निम्म्यावर येऊन दमायची. जागा गेली असती तर दुकान आणि घर एकाच दिवशी गेलं असतं.

अशातच खाणसाहेब नवा कोट शिवायला आले. ग्राफाइटच्या खाणी चालवणाऱ्या एका कंपनीतले ते मोठे अधिकारी. हे नाव त्यांना मास्तरांनीच पाडलं होतं. माप देताना हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तो बोलतो. खाणसाहेब तर बसल्यावरही थांबत नसत.

"मास्तर, तुमच्या कानावर ती शिसपेन्सिल आहे ना, तिच्यात शिसं नसतंच. ते ग्राफाइट! आणि आता सगळ्या गाड्या बॅटरीवर जायला लागल्यात. जो तो लिथियम, लिथियम करतो. पण बॅटरी खोलून वजन करा, लिथियमपेक्षा ग्राफाइट जास्त भरेल. नाव एकाचं आणि ओझं दुसऱ्याचं!"

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून बघितली. साहेबांचं म्हणणं पटलं, असं काही म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी साहेबांची कंबर गेल्या खेपेपेक्षा चांगलीच भरली होती, आणि ते मात्र ताबडतोब पटलं.

जेवताना त्यांनी बायकोपाशी विषय काढला. कंपनीचे शेअर घ्यावेत, मालक निघेपर्यंत ते वाढतील, जागेची सोय होईल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घ्या. पण विकताना मला विचारायचं."

"विचारीन की."

"की नको. नुसतं विचारीन म्हणा."

"विचारीन."

शेअर आले आणि घरात एक माणूस वाढलं. बाई सकाळी चहाबरोबर मोबाइलवर भाव बघायच्या आणि मोठ्याने सांगायच्या; दिवसभर आल्यागेल्यालाही आपल्या शेअरचं कौतुक ऐकवायच्या. "आज आपल्या ग्राफाइटला बरं नाहीये." "आज जरा तरतरी आहे हो." भाव दोन पावलं पुढे, एक मागे असा चालला होता. मास्तर त्याकडे लक्ष देत नसत. ते साहेबांची वाट बघत.

आणि साहेब आले ते पँट कमरेत आत घ्यायला. मास्तरांनी टेप लावली, परत लावली. कंबर उतरली होती.  तरी एका मापावर निकाल द्यायचा नाही, असा त्यांच्या शास्त्राचा नियम होता, म्हणून त्यांनी माप नुसतं वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या मापाची वेळ आली तेव्हा बाई घरी नव्हत्या. त्यांच्या बहिणीचा पाय मोडला होता आणि त्या तिच्याकडे राहायला गेल्या होत्या. साहेब दुकानात शिरले ते पट्टा मुठीत धरून. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं, गाल बसलेले, तोंडावर रुमाल. एरवी गळ्याचं माप घेताना ज्यांना "साहेब, जरा थांबा" म्हणावं लागे, ते आज खुणेने काम भागवत होते. मास्तरांनी पुन्हा टेप लावली आणि मनातल्या मनात कंपनीच्या तसबिरीला हार घातला. वाचा गेली म्हणजे खाणीत काही राहिलं नसणार. आता गिऱ्हाइकाला "तुमचं बुडालं का हो?" असं विचारायचं तरी कसं? मास्तरांनी विचारलं नाही.

साहेबांची पाठ वळताच त्यांनी दार लोटलं आणि दलालाला फोन लावला. सगळे शेअर विकायला सांगितले. बायकोला फोन करावा, असं एकदा मनात आलं. पण ती आजाऱ्याच्या उशाशी, तिच्या डोक्याला आणखी घोर कशाला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर ती नको म्हणेल, याची त्यांना धास्ती होती.

घातलेले पैसे हाती आले, वर थोडी चिल्लर. मास्तर काही दिवस फार खूश होते. बुडत्या बोटीतून पाय न भिजवता उतरलो, असं त्यांना वाटत होतं. मग बातमी आली की गाड्या बनवणाऱ्या एका बड्या कारखान्याने त्याच कंपनीशी कित्येक वर्षांचा ग्राफाइटचा करार केलाय. भाव जो उठला तो खाली बघेचना.

बाई परत आल्या आणि सकाळचा चहा हा मास्तरांच्या जिवावरचा प्रसंग होऊन बसला. "अहो, आज तर ग्राफाइट धावत सुटलंय!" बाई म्हणायच्या, आणि मास्तर मूग गिळून बशीत बघायचे. बाईंनी मधला पडदा काढून तिथे भिंत घालायचं ठरवलं. खिडकीपाशी दुसरं मशीन ठेवायचं ठरवलं. काउंटरची जागासुद्धा पावलांनी मोजून झाली. इतकी हौस त्यांच्या तोंडावर मास्तरांनी कधी बघितली नव्हती, आणि ती बघून त्यांचं काळीज तुटत होतं. रोज रात्री ते उद्या सांगू म्हणायचे. रोज सकाळी भाव आणखी वर गेलेला असायचा.

मालक जागेचा निकाल ऐकायला येणार त्याच्या आदल्या दिवशी खाणसाहेब हजर झाले. गाल भरलेले, आवाज खणखणीत.

"मास्तर, सैल करा! आत माया ठेवलीय ना?"

आत दुमडलेलं जादा कापड मास्तर कधीच छाटत नसत. त्यांनी मान हलवली आणि टेप लावली. कंबर होती तिथे परत आली होती.

"शेअर आहेत ना अजून?"

मास्तरांच्या आधी बाईच पडद्याआडून बोलल्या. "हात लावलेला नाही साहेब! आता ही जागा घ्यायचीय, तेव्हाच विकायचे."

"शाब्बास! याला म्हणतात धीर."

मास्तरांनी माप लिहून घेतलं. त्या मापाच्या पँटमध्ये दोन खाणसाहेब आरामात मावले असते.

साहेब गेले. मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

"अगं, विकले मी."

"काय विकले?"

"शेअर. तू बहिणीकडे होतीस तेव्हा. सगळे."

बाई सुईसकट स्टुलावर बसल्या. 

"का?"

"त्यांची कंबर उतरली होती. दोनदा."

"अहो, त्यांनी सगळे दात काढले होते! हिरड्या भरेपर्यंत कवळी बसत नाही. सूप पिऊन होते बिचारे."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. पहिल्यांदा पँट न्यायला आले, तेव्हा तुम्ही अस्तर आणायला बाजारात गेला होतात. मी म्हटलं, साहेब, बारीक झालात? म्हणाले, दात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दात काय सांगायचे? तुम्ही दातांवरून शेअर विकाल हे मला काय माहीत?" एवढं बोलेपर्यंत त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "फोन होता की हो माझ्याजवळ. उशाशीच होता."

मास्तरांनी टेबलावरची टेप उचलली आणि उगाच गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मालकाची चाहूल लागताच मास्तरांनी होत्या तेवढ्या टाचण्या ओठांत धरल्या आणि एका कोटाच्या बाहीत डोकं घातलं. त्या बाहीला टाचण्यांची काही गरज नव्हती. बाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"आम्हाला नाही जमणार ही जागा."

"अरे! आणि ते शेअर? भाव तर आभाळाला भिडलाय म्हणतात."

"विकले आधीच."

"आधीच? असं कसं केलंत मास्तर?"

मास्तरांचे कान तापले. टाचण्या ओठांत रुतल्या.

"त्यांनी मला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "दोघांनी विचार करूनच विकले. तेव्हा तेच बरोबर वाटलं."

मालक हळहळला. बॅटरीवरच्या स्कूटरी विकणारा एकजण या जागेच्या मागे लागलाय, आता त्यालाच हो म्हणावं लागेल, असं सांगून तो निघून गेला.

मास्तरांना कालपासून जितकी लाज वाटत होती, तिच्या दसपट आता वाटली. बायकोने चारचौघांत फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ते तिच्याकडे वळले आणि काहीतरी पुटपुटले.

"आधी त्या टाचण्या काढा तोंडातून," बाई म्हणाल्या. "मग काय ते विचारा."

मास्तरांनी एकेक टाचणी काढून टेबलावर ठेवली.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्टूल पुढे ओढलं.